भरती थांबते तिथे

पनवेल सोडून रोह्याकडे निघालेली गाडी आपट्याचे स्थानक मागे टाकते, पाताळगंगेच्या पुलावर क्षणभर आपला आवाज बदलते, आणि दोन्ही हातांचे डोंगर किंचित मागे सरून भातखाचरांना जागा करून देतात न देतात तोच जिते येते. आपट्याच्या स्थानकाला चित्रपटसृष्टीने कीर्ती दिली. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातील शेवटची धावती गाडी तिथलीच, आणि आजही काही हौशी मंडळी केवळ तेवढ्यासाठी तिथे उतरतात. जित्याच्या वाट्याला असे काही आलेले नाही. मी तिथे प्रथम उतरलो तोही निव्वळ चुकीने. जायचे होते पेणला. गाडी थांबली, शेजारच्या बाकावरचे गृहस्थ उठले, त्यांच्या उठण्यात मला पेणचे आगमन दिसले आणि मी त्यांच्या पाठोपाठ फलाटावर उभा राहिलो. पाटी वाचून चूक ध्यानात येईपर्यंत गाडी हमरापूरच्या दिशेने निघून गेली होती. त्या गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या पायांतील वहाणांकडे एकवार पाहून, “दोन ठेसनं राह्यलं पेण, चालत जाल तर हमरापुरावरून जा, गणपती बघत बघत जाल,” असा सल्ला दिला. तो मी मानला. या टापूचा इतिहास मला जो काही उमगला, तो त्या पायी वाटेने आणि पुढे त्याच वाटेने वारंवार केलेल्या येरझाऱ्यांनी उमगला असल्यामुळे, त्याची मांडणीही मी त्याच वाटेने करणार आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून पश्चिमेस येणाऱ्या कोकणच्या नद्यांचे आयुष्य मुळातच तोकडे. घाटमाथा आणि समुद्र यांच्यामधील अंतरच इतके थोडे की, कृष्णा-गोदावरीसारखे प्रौढत्व त्यांना कधी लाभत नाही. उतारावर असेतोवर त्या नद्या असतात आणि सपाटीवर पाय टेकताच त्यांची खाडी होते. पाताळगंगा, भोगावती, अंबा आणि कुंडलिका या चौघींची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. नकाशावर पाहिले तर आपटा, पेण, नागोठणे आणि रोहे ही चार गावे या चार नद्यांच्या काठी एकाच जातीच्या ठिकाणी वसलेली दिसतात. समुद्राची भरती जिथपर्यंत आत येऊन, दमून, परत फिरते, त्या बिंदूच्या आसपास. त्याच्या वर नाव चालत नाही, त्याच्या खाली गाडीरस्ता टिकत नाही. म्हणून माल जिथे गाडीतून उतरून नावेत चढायचा, तिथे वखार आली, वखारीमागे जकातीचा नाका आला, नाक्यामागे कारकून, सावकार, देऊळ, पेठ आणि अखेरीस गाव. या गावांना नदीकाठची गावे म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु पावसाळा संपला की ज्या नदीत गुडघाभर पाणी राहत नाही, तिच्या जिवावर बाजारपेठ उभी राहत नसते. ही गावे भरतीने वसवली.

जुन्या मराठीत ‘पेणे’ म्हणजे वाटेवरचा मुक्काम, प्रवाशाने पाठ टेकण्याची जागा. पेण या नावाची व्युत्पत्ती तिथे नेऊन भिडवण्याचा मोह अनेकांना झाला आहे आणि मलाही होतो. ती शास्त्राला मान्य होवो न होवो, गावाच्या स्वभावाला ती चपखल बसते. बोरघाट उतरून खोपोलीमार्गे आलेले बैल इथे सोडले जात आणि घाटावरचा माल अंतोऱ्याच्या बंदरात गलबतांवर चढे. उलट दिशेने मीठ, सुकी मासळी, नारळ आणि मुंबईचे कापड वर जाई. गावापासून थोड्या अंतरावरचे हे अंतोरा बंदर म्हणजे चिरेबंदी धक्के आणि दीपस्तंभ असा काही बडेजाव नव्हे. खाडीच्या फाट्याच्या कडेचा एक उंचवटा, भरतीला त्याच्या कडेशी पाणी लागते आणि ओहोटीला उरतो तो काळा, चकाकणारा, पाऊल ओढून घेणारा गाळ. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला तेव्हा या बंदरांचे दैव उजळले. घाटातून पूर्वी बैलांच्या पाठीवरून उतरणारा माल आता चाकांवरून उतरू लागला. परंतु ते भाग्य जेमतेम एका पिढीचे ठरले. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि पुण्याकडून निघालेल्या पोत्याला पेणला मुक्काम करण्याचे कारण उरले नाही. गावे अशा वेळी मरत नाहीत, ही त्यांची मोठी खुबी असते. देशावरचा माल गेला, तरी स्वतःच्या खाचरांतील भात आणि आगरांतील मीठ मुंबईस पोचवण्याचे काम पेणला पुष्कळ वर्षे पुरले.

या व्यवहाराचे घड्याळ पंचांगात होते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या तांडेलास भरतीची वेळ विचारली असता तो आधी तिथी विचारी, आणि तिथीची पाऊणपट करून उत्तर देई. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरणार, अष्टमी असेल तर सहाला, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, दिवस असो वा रात्र, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पाऊण तास, खरे तर त्याहून जरा अधिकच, मागे पडतो, हे खगोलशास्त्र त्या एका पाऊणकीच्या पाढ्यात सामावलेले आहे. आणि ज्या काळात शाळेत मुलांकडून पाऊणकी घोकून घेत, त्या काळात ती निरर्थक घोकंपट्टी होती असे म्हणणाऱ्याने एकदा अंतोऱ्याच्या गाळात रुतलेल्या पडावात ओहोटी काढून पाहावी. बाहेरच्या समुद्राची भरती खाडीच्या शेवटाशी पोचण्यास आणखी काही वेळ लागे, तो प्रत्येक बंदराचा खलाशी आपल्या अनुभवाने मिळवी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतील भेद होताच. उधाणाला भरलेले गलबत जिथे सहज तरंगे, तिथे भांगाच्या पाण्यात रिकामी होडीही तळ घाशी. त्यामुळे पेणच्या पेठेतील तेजीमंदी, हमालांची मजुरी, गाडीवानांची गर्दी, इतकेच काय पण खानावळीत पडणारी पाने, हे सारे महिन्यातून दोनदा चढे आणि दोनदा उतरे. घरात पाहुणा कधी येणार आणि कधी निघणार हेही पाणीच ठरवी. आग्रह करकरून ठेवून घेण्यास यजमानाला आणि निसटून जाण्यास पाहुण्याला त्याहून भक्कम सबब कोणती मिळणार?

जित्याहून हमरापूरच्या दिशेने चालू लागले की, पश्चिमेकडे दृष्टी पोचेल तिथवर सपाट रान दिसते. या रानाला खारेपाट म्हणतात. हे रान निसर्गाने दिलेले नाही. ते समुद्राकडून हिसकावून घेतलेले आहे, आणि समुद्राला त्याची आठवण दर उधाणाला होते. खाजणाच्या बाहेरच्या कडेने मातीचा उंच बांध घालायचा, त्याला बाहेरकाठा म्हणायचे. पावसाचे पाणी जाण्यासाठी त्यात लाकडी उघाडी ठेवायच्या. उघाडीची घडण साधी पण युक्तीची असते: तिचे झडप समुद्राच्या बाजूने असे बसवलेले असते की, भरतीचे पाणी आपल्याच रेट्याने ते दाबून बंद करते, आणि ओहोटी लागताच आतले पाणी त्याला ढकलून वाट करून घेते. एका भाद्रपदात मी अशा एका उघाडीपाशी पाणी फिरण्याची वाट पाहत बसलो होतो. भरती भरास होती. फळ्यांच्या सांधींतून खारे पाणी बोटभर धारांनी आत पिचकत होते आणि एक म्हातारा शेतकरी चिखलाचा गोळा मळून, लिंबाएवढे तुकडे तोडून, एकेक सांध अंगठ्याने बुजवीत होता. समोर एवढा समुद्र आणि याच्या हाती लिंबाएवढा चिखल! मी काही बोलण्याच्या आत तोच म्हणाला, “भोक बोटाचा आसतो तवा आंगठा पुरतो. रातचा सोडला तं सकाली गाव लागतो.” अर्ध्या तासाने फळी किंचित थरथरली, तिच्या खालच्या कडेने गढूळ पाण्याची एक जीभ बाहेर पडली, आणि त्याने हात धुतले.

ज्या बांधाला अशी भगदाडे पडतात त्याला ‘खांडी गेल्या’ असे म्हणतात, आणि खांड बुजवण्याची जबाबदारी कोणाची, हा या प्रांताच्या महसुली इतिहासातील फार जुना प्रश्न आहे. पेण तालुक्यात त्याचे उत्तर शिलोत्री या नावाच्या वहिवाटीने दिले होते. ज्याने भांडवल घालून खाजण उठवले तो शिलोत्रीदार. शेत कसणाऱ्याने सरकारचा धारा द्यावा तो द्यावाच, परंतु त्याखेरीज बिघ्यामागे मणभर भात शिलोत्रीदारास द्यावे, आणि त्या भाताच्या मोबदल्यात बाहेरकाठ्याची बांधबंदिस्ती त्याने राखावी. कागदावर ही व्यवस्था मोठी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात भात वसूल करण्याचा दिवस कधी चुकत नसे आणि बांध दुरुस्त करण्याचा दिवस पुष्कळदा चुके, हे सांगण्यास दप्तर चाळण्याची आवश्यकता नाही. घेण्याचा हक्क आणि देण्याचे कर्तव्य एकाच कागदावर लिहिलेले असले म्हणजे त्यांपैकी कोणत्या शाईचा रंग आधी उडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. जमीनदारीच्या या जाचाविरुद्धचा मोठा उठाव मात्र पेणऐवजी शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरी या गावी झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, आणि सहा वर्षे, सहा पावसाळे, त्या जमिनी पडीक राहू दिल्या. भात पिकवणाऱ्यांनी भातावाचून सहा वर्षे काढली! डॉ. आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठबळ दिले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. १९३९ सालच्या कूळ कायद्याच्या मागे चरीच्या पडीक खाचरांचे वजन होते. पुढे १९४८ साली नवा कूळ कायदा आला आणि त्याच साली खारजमिनींचा स्वतंत्र कायदाही आला. कुळाला जमीन मिळाली हे योग्यच झाले. पण शिलोत्रीदाराबरोबर त्याचे कर्तव्यही गेले, आणि बाहेरकाठा ज्याच्या हाती आला ते खाते मुंबईत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारे. त्याला खांडीची वार्ता अर्जाने पोचते आणि अर्जाला पाऊणकीचा पाढा येत नाही. आज खारेपाटात कित्येक ठिकाणी भाताऐवजी तिवर माजलेले दिसते, त्यातील प्रत्येक तिवराच्या मुळाशी अशी एक वेळेवर न बुजवलेली खांड आहे असे मला वाटते.

खाऱ्या जमिनीची शेतीही न्यारी. उन्हाळ्यात जमिनीतले मीठ वर येऊन खाचर पांढुरके पडते. ज्येष्ठातले पहिले चांगले पाऊस ते मीठ धुऊन नेईपर्यंत वाट पाहावी लागते. इतरत्र रोप काढून लावणी करतात. इथे भात भिजवून, पेंढ्याखाली दडपून, मोड आणून, तो मोडाचा ‘रहू’ चिखलात सरळ फेकतात. भाताच्या जातीही अशाच चिवट, रत्ता, मुनगा यांसारख्या. तांबडा, जाड, शहरी जिभेला रांगडा वाटणारा हा तांदूळ. खाचरांच्या कडेच्या तळ्यांत जिताडा पोसला जातो आणि त्याचे कालवण व हा तांबडा भात यांची गाठ ज्या दिवशी पडते त्या दिवशी रांगडेपणाची तक्रार कोणी करीत नाही. (जिते आणि जिताडा यांचा संबंध जोडून मला एका विद्वानाने चकित केले होते. मी त्या वेळी जेवत होतो, म्हणून वाद घातला नाही.)

हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे आली की, वाटेवर देव दिसू लागतात. ओटीवर, पडवीत, गुरांच्या रिकाम्या गोठ्यात, बांबूच्या फळ्यांवर, कडीपाटाला टेकून, हजारोंनी गजानन वाळत पडलेले असतात. कोणाला सोंड आहे आणि हात नाहीत, कोणी नुसताच पांढरा, कोणाचे सर्व झाले आहे पण डोळे राहिले आहेत. मूर्ती घडवण्याची ही कला पेणच्या पेठेतील, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची. देवधरांच्या घराण्याने तिला नाव मिळवून दिले, आणि कासार आळी, कुंभार आळी या जुन्या आळ्यांतून ती पसरत पसरत या खेड्यांपर्यंत आली. १८९३-९४ पासून लोकमान्यांच्या प्रेरणेने गणेशोत्सव सार्वजनिक झाला, मुंबई-पुण्यात गणपती वाढले आणि पेणच्या हातांना काम मिळाले. परंतु या धंद्याने मूळ पेणमध्येच का धरले, याचे उत्तर भक्तीत शोधण्यापेक्षा पंचांगात शोधावे असे मला वाटते. शाडूची माती गुजरातेतून येणारी, आणि शाडूची मूर्ती भाजलेली नसते, उन्हात वाळवलेली कच्ची असते; बैलगाडीचे हादरे तिला सोसत नाहीत, पाण्याची वाट मानवते. आता हिशेब पाहा. पावसाळ्यात उघडा समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून तो खुला होतो, आणि तिथून भाद्रपद शुद्ध चतुर्थी एकोणीस तिथींवर येते. त्यात पौर्णिमेचे उधाण पहिले, मध्ये अष्टमीचा भांग, आणि मग श्रावणी अमावास्येचे उधाण, चतुर्थीच्या बरोबर चार दिवस आधी, म्हणजे गिऱ्हाईक पाट मांडून बसलेले असताना. भरतीकाठच्या गावाला याहून सोयीचा सण घडवून मागितला असता तरी मिळाला नसता. खाडीच्या आश्रयाने मुंबई बंदराशी संबंध राखता येणारे हे गाव पुण्याहून आणि मुंबईहून मूर्तीच्या व्यवहारात सरस ठरले, ते कलेच्या जोडीला या भूगोलाचेही देणे.

आज माती मागे पडून प्लास्टर आले आहे. त्याला भरतीची गरज नाही, टेंपो पुरतो, आणि ते परदेशीही जाते. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा न्यायालयांत आणि सरकारदरबारी चालू असते, तिच्यात मी पडत नाही. एका पडवीत एक बाई डोळ्यांची आखणी करीत होती, तेवढे मात्र सांगतो. उजव्या हाताची करंगळी देवाच्या गालाला टेकलेली, श्वास रोखलेला, कुंचल्याला दोन-तीनच केस. पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून निघून एका दमात बाहेर आली, आणि मग तिने श्वास सोडला. दोन डोळ्यांमध्ये तिने मला उद्देशून, “बसा, चहा टाकतील,” असे म्हटले. दुसरा डोळा होईपर्यंत पुन्हा शब्द नाही. आखणी होण्यापूर्वी त्या मूर्तीकडे पाठ करून मी सहज उभा होतो; झाल्यावर आपोआप बाजूला सरकलो.

प्लास्टर येण्याच्या कितीतरी आधी पेणकराचा मुंबईशी असलेला संबंध गलबतावरून आगबोटीवर आला होता. मुंबईत जायचे म्हणजे वडखळच्या बाजूने धरमतर गाठायचे आणि तिथून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. गिरणीत काम करणारा मुलगा, बाळंतपणाला माहेरी येणारी मुलगी, पोह्यांची आणि पापड-मिरगुंडांची गाठोडी, आणि परतीच्या खेपेला शहरचे वर्तमान, हे सारे त्या वाटेने ये-जा करी. या वाटेची एक आठवण मात्र अजून तिथली वृद्ध माणसे आवाज खाली आणून काढतात. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सणासाठी घरी चाललेल्या माणसांनी भरलेली होती, काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांत त्या वर्षी पंधरा ऑगस्टला दिवे लागले ते सुतकातून उठलेल्या हातांनी.

रोहे हे भरतीने वसवलेल्या त्या चार गावांतले शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत देखणे. कुंडलिकेच्या एका काठी रोहे, दुसऱ्या काठी अष्टमी. नगरपालिकाही दोघांच्या जोडनावाने. रेवदंडा-चौलची खाडी ती हीच कुंडलिका, त्यामुळे चौलच्या वैभवाच्या काळी अष्टमी हे त्याचे आतले दार होते. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकास निघाला तो मुंबईहून चौलला, चौलहून अष्टमीला आणि तिथून निजामपूरमार्गे रायगडास गेला. त्याच्या नोंदीत अष्टमीचे नाव ‘एस्थेमी’ असे होऊन बसले आहे. ६ जूनचा तो सोहळा आणि वकिलाने केलेला तह यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला कुतूहल आहे ते अष्टमीच्या धक्क्यावर त्या दिवशी उभ्या असलेल्या हमालांचे, ज्यांनी मे महिन्याच्या उन्हात या लालबुंद पाहुण्याचे सामान उतरवून घेतले असेल आणि तिथी पाहून त्याला म्हटले असेल की, पाणी फिरायच्या आत नाव मोकळी करा. रोह्याचे ग्रामदैवत धावीरमहाराज. दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा पोलीस शिस्तीत उभे राहून देवास मानवंदना देतात, आणि ती पाहण्यास मुंबईपासूनची रोहेकर मंडळी येतात. पांडुरंगशास्त्री आठवले येथे १९२० साली जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणेही याच परिसरातले.

कुंडलिकेचे वैचित्र्य असे की, एप्रिल-मे महिन्यांत कोकणच्या नद्या दगडगोट्यांचे सांगाडे होऊन पडलेल्या असताना हिला पाणी असते. ते तिचे स्वतःचे नसते. घाटमाथ्यावर मुळशीला टाटांनी धरण बांधले. पूर्वेस वाहून भीमेला मिळणारे मुळेचे पाणी अडवून, डोंगराच्या पोटातून पश्चिमेस उतरवून, १९२७ पासून भिऱ्याच्या विद्युत्‌गृहातून ते कुंडलिकेत सोडले जाऊ लागले. त्या धरणात बुडणाऱ्या मावळातील गावांसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. पाताळगंगेचेही तेच, खोपोलीच्या विद्युत्‌गृहातून १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी तिच्यात येते. म्हणजे मुंबईच्या गिरण्या फिराव्यात म्हणून देशावरचे पाणी कोकणात उतरले आणि वीज देऊन झाल्यावर जे उरले ते या नद्यांच्या पदरी पडले. त्या पाण्याच्या आधाराने डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, धाटावला कारखाने आले, आणि अलीकडे कोलाडच्या बाजूला शहरी तरुण मंडळी रबरी होड्यांत बसून, आरोळ्या ठोकीत, त्या सोडलेल्या पाण्यावरून खाली येतात. रोजचे पाणी कधी सुटते याची त्यांना वेळ ठरवून दिलेली असते. पुन्हा पाण्याचेच घड्याळ, पण या खेपेला किल्ली चंद्राच्या हाती नाही.

रूळ आपट्यापर्यंत १९६६ साली आले आणि तिथे वीस वर्षे थांबून राहिले. आपट्याहून रोह्यापर्यंतची गाडी १९८६ साली सुरू झाली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाल्यावर रोहे हे तिचे उत्तरेकडचे तोंड ठरले. त्या आधीच महामार्गाने बंदरांचे काम काढून घेतले होते. मधल्या काळात, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, हेही एका अर्थी साजेसेच. जिल्ह्याचे तोंड समुद्राकडून डोंगराकडे वळले. गावांनीही नदीकडे पाठ फिरवली. पेणमध्ये आज नव्या वस्तीला उतरलेल्या माणसाला भोगावती कोठे आहे असे विचारले तर तो पुलाचे नाव सांगतो. अंतोऱ्याला मी त्या दिवशी पोचलो तेव्हा तिथी दशमी होती, म्हणजे मुंबईचे पाणी साडेसातला आणि इथले त्यानंतर. सूर्य मावळून गेला होता, फाट्यात पाणी मुकाट्याने भरत होते, आणि एक कोळी बाहेरच्या बाजूस जाळे लावून वाकून उभा होता. खाडीने मोठी जहाजे टाकली असे मात्र नाही. धरमतरच्या धक्क्यावर डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि खनिज घेऊन तराफे येतातच, आजही भरती साधूनच येतात; फक्त पेणच्या पेठेला त्यांची चाहूल लागत नाही.

भोगावतीला, जिला भोगेश्वरी असेही म्हणतात, हेटवणे येथे धरण झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शेतीला पाणी मिळणार म्हणून खारेपाटाने त्या धरणाकडे डोळे लावले. म्हणूनच पुढे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी या जमिनी मागण्यात आल्या तेव्हा, आमची जमीन ओलिताखाली येणारी आहे, हा शेतकऱ्यांचा मुख्य मुद्दा होता. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत त्यावर शेतकऱ्यांचे सार्वमत घेण्यात आले. जमीन द्यायची की नाही हे मतपेटीत टाकून विचारण्याचा असा प्रसंग देशात क्वचितच आला असेल. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. धरणाच्या पाण्याचा मोठा वाटा मात्र सिडकोच्या मार्फत नवी मुंबईस जातो, आणि त्याचे शुद्धीकरण होते ते जित्याला.

तेव्हा ज्या स्थानकावर मी चुकीने उतरलो त्याच्या जवळच भोगावती हल्ली मुक्काम करते. पूर्वी ती अंतोऱ्याच्या फाट्याने खाडीत, खाडीतून मुंबई बंदरात जाई आणि जाताना पाठीवर भात, मीठ आणि गजानन घेऊन जाई. आता ती हेटवण्याहून नळांतून जित्यास येते, गाळली जाते, निवळते, आणि पुन्हा नळांतून उत्तरेस, पाताळगंगा ओलांडून, शहराकडे रवाना होते. हेटवणे ते जिते आणि जिते ते वहाळ असे बोगदे खणून हे पाणी वाढवण्याची योजनाही आहे. गेल्या खेपेस मी पेणहून परत येताना मुद्दाम जित्याला उतरलो. फलाटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन प्लास्टिकची पिंपे भरून ठेवलेली होती. पाणी कोणते, असे विचारले, तेव्हा टपरीवाल्याने उकळता चहा गाळता गाळता हनुवटीनेच मागच्या विहिरीकडे दाखवले.